घरांत वाजावीं अशीं सोपीं तंतुवाद्यें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव मंडळानें मला घरगुती संगीताविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. संगीत हा विषय समुद्रासारखा अफाट आहे. त्यांतलें ओंजळभर पाणीच मी आपल्यापुढें ठेवणार आहें. मोठे गवई, मोठे वाद्यवृंद यांचा विचार आज बाजूला ठेवूं. ज्या घरांत कोणी गवई नाहीं, शिकवणी ठेवण्याइतका पैसा नाहीं, आणि दिवसभराच्या कामानंतर मिळणारा वेळहि थोडाच आहे, अशा घरांत मुलांनीं व वडीलधाऱ्यांनीं मिळून कोणतें तंतुवाद्य वाजवावें, आणि तें वाजत राहावें म्हणून कुटुंबानें काय करावें, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या समाजाला गाणें परकें नाहीं. चर्चमध्यें गायकवृंद आहे, लग्नांत वाजंत्री आहेत, आणि स्तोत्रसंहितेंतील दहा तारांच्या वाद्याचा उल्लेख आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ऐकण्याच्या सोयी तर आज इतक्या वाढल्या आहेत कीं, जगांतील वाटेल तें गाणें खिशांतल्या मोबाईलवर क्षणांत उमटतें. उणें आहे तें एवढेंच कीं, घरांतील गाणें घरांतल्या माणसांच्या हातून निघेनासें झालें आहे. हौसेनें आणलेली गिटार कपाटावर धूळ खात पडते, आणि ‘आमच्या मुलाला संगीताचा कान नाहीं’ असा निकाल देऊन आईबाप मोकळे होतात. हा निकाल पुष्कळ वेळां अन्यायाचा असतो. दोष मुलाच्या कानाचा नसून न लावलेल्या तारांचा असतो. आणि हेंच आज मला विस्तारानें सांगावयाचें आहे.

तंतुवाद्य वाजविणाऱ्याला तीन कामें करावीं लागतात. एक, तारेवर स्वराचें स्थान शोधणें. दुसरें, तारेंतून गोड नाद काढणें. आणि तिसरें, साऱ्या तारा परस्परांशीं जुळवून ठेवणें. व्हायोलिनचें उदाहरण घ्या. त्याच्या दांडीवर पडदे नसतात, म्हणून बोट केसभर सरकलें तरी स्वर ढळतो. आणि नाद गजानें काढावयाचा असल्यामुळें, हाताचा दाब व गति यांचा मेळ बसेपर्यंत कर्कश आवाजच कानीं पडतो. गोव्यांतील पॅरिश शाळांनीं पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातीं व्हायोलिन दिलें, त्यांना स्वरलिपि शिकविली, आणि त्या परंपरेंतून मुंबईच्या चित्रपटसंगीताला कितीतरी उत्तम वादक मिळाले. परंतु त्यामागें गुरूची शिस्त होती आणि कित्येक वर्षांचा अभ्यास होता. सामान्य घराला तेवढें बळ कोठून असणार? म्हणून निरनिराळ्या देशांतील कारागिरांनीं पहिलीं दोन कामें सोपीं करण्याच्या युक्त्या शोधून काढल्या. तिसरें काम मात्र त्यांना वाद्यांतून काढून टाकतां आलें नाहीं. हें ध्यानांत ठेवून आपण चार वाद्यें पाहूं.

तत्पूर्वीं तारेचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. फ्रान्समधील मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) हे मिनिम संघाचे व्रतस्थ धर्मगुरु असून मोठे गणिती होते. त्यांनीं १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संगीतविषयक ग्रंथांत तारेचे नियम मांडले आहेत. तार अर्धी केली कीं तिचा स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. लांबी तीच ठेवून केवळ ताणानें तेवढा चढ साधावयाचा, तर ताण चौपट करावा लागतो. आणि तार जितकी जड, तितका तिचा स्वर खालचा. षड्जाची तार ६० सेंटिमीटर लांब धरली, तर त्याच जाडीच्या व त्याच ताणाच्या तारेवर रिषभ सुमारें ५३, गांधार ४८, मध्यम ४५ आणि पंचम ४० सेंटिमीटरांवर मिळतो. आतां ज्या वाद्याची हकीकत सांगणार आहें, त्याचा आकार एका बाजूला निमुळता कां, याचें उत्तर या आंकड्यांत आहे.

हें वाद्य म्हणजे फिनलंड देशांतील कांतेले. जुनें कांतेले एकाच ओंडक्यांतून कोरून काढीत. आंतून पोकळ, वरून चपटें, आणि वर पांच तारा ताणलेल्या, असें त्याचें रूप. तें मांडीवर किंवा मेजावर ठेवून बोटांनीं छेडतात. एलियास ल्योनरोट या वैद्यानें खेडोपाडीं हिंडून जमविलेल्या लोकगीतांतून ‘कालेवाला’ हें महाकाव्य १८३५ सालीं, आणि वाढवून पुन्हां १८४९ सालीं, प्रसिद्ध केलें. त्यांत वैनामोइनेन नांवाचा वृद्ध गायक एका प्रचंड माशाच्या जबड्याचें कांतेले करतो, आणि तें पाण्यांत हरवल्यावर बर्च झाडाच्या लांकडाचें दुसरें घडवितो, अशी कथा आहे. पुढें या वाद्याच्या तारा वाढत गेल्या; मैफलींतल्या कांतेलेला आज चाळिसाच्या आसपास तारा असतात. असें असूनहि १९८० नंतरच्या दशकांत फिनलंडमधील शाळांत मुलांसाठीं पांच तारांचें जुनें रूपच पुन्हां हातीं घेतलें गेलें. याचें कारण उघड आहे. पांच तारा म्हणजे सा, रे, ग, म, प. आणि हाताला बोटेंहि पांच. प्रत्येक बोटाला एक तार नेमून दिली कीं स्वराचें स्थान शोधण्याचें काम उरतच नाहीं. चार वर्षांचें मूल जेथें बोट लावील तेथें शुद्ध स्वरच निघतो. शिवाय दुसरी व चौथी तार बोटांनीं हलकेच दाबून धरून साऱ्या तारांवरून हात फिरविला, तर सा, ग आणि प यांचा मेळ एकदम वाजतो. तिसरी तार किंचित्‌ उतरवून गांधार कोमल केला, तर वाद्याचा सारा भाव पालटतो. पांच स्वरांपलीकडचें गाणें त्यावर बसत नाहीं, ही त्याची मर्यादा. परंतु पांच स्वरांत मावणारीं बालगीतें थोडीं नाहींत, आणि तेवढीं पुरीं होईपर्यंत मूलहि मोठें होतें.

दुसरें वाद्य आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाला जवळचें आहे, कारण त्याचें मूळ पोर्तुगीज आहे. पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील शेंकडों माणसें उसाच्या मळ्यांत मजुरी करण्यासाठीं हवाई बेटांकडे निघालीं, आणि त्यांचें ‘रेव्हन्सक्रॅग’ नांवाचें जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजीं होनोलुलु बंदरास लागलें. मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर त्या जहाजावर होते. आपल्या बेटावरील माशेते नांवाच्या चिमुकल्या चौतारी वाद्याच्या धर्तीवर त्यांनीं हवाईच्या कोआ लांकडाचीं जीं वाद्यें घडविलीं, तींच पुढें युकुलेले म्हणून प्रसिद्ध झालीं. हवाईच्या भाषेंत या नांवाचा अर्थ ‘उडी मारणारी पिसू’ असा सांगतात. राजा कालाकाउआ यानें या मजुरांच्या वाद्याला दरबारांत मान दिला, आणि १९१५ सालच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रदर्शनामुळें तें अमेरिकाभर लोकप्रिय झालें. पुढें कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरीं चॅल्मर्स डोन या संगीतशिक्षकानें तें शाळांत नेलें, आणि वर्गांतील सारीं मुलें एका वेळीं वाजवूं शकतील अशी शिकविण्याची पद्धत बसविली. युकुलेलेची युक्ति निराळी आहे. त्याला पडदे असतात, म्हणून स्वराचें स्थान आधींच आंखलेलें. त्याच्या तारा पूर्वीं आंतड्याच्या असत, आज बहुधा नायलॉनच्या असतात. पोलादी तारेप्रमाणें त्या बोटाला कापीत नाहींत. दांडी आंखूड असल्यामुळें लहान हात तिच्यावर सहज पुरतो. एकच बोट एका तारेच्या तिसऱ्या पडद्याजवळ ठेवून चारी तारा छेडल्या कीं एक पूर्ण स्वरमेळ तयार होतो, आणि घरांतील मंडळी त्यावर गाऊं लागतात. सहासात वर्षांच्या मुलाला याहून अधिक काय पाहिजे?

तिसरें वाद्य आपण सर्वांनीं ऐकलें आहे. त्याचें कुळ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. जपानच्या नागोया शहरांत गोरो मोरिता यानें १९१२ सालीं तारांच्या लांबट पेटीवर टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसविल्या. त्या वाद्याचें नांव ताइशोगोतो. त्याचें भारतीय रूप म्हणजे बुलबुलतरंग. आणि त्यालाच विजेची जोड मिळून मुंबईच्या मिरवणुकींत व हळदीच्या रात्रीं गाजणारा ‘बेंजो’ तयार झाला. अमेरिकेंतल्या बँजोशीं त्याचा संबंध नांवापुरताच. डाव्या हातानें कळ दाबावी, उजव्या हातानें तार छेडावी, एवढीच त्याची रीत. ज्यानें कधीं हार्मोनियमवर बोट ठेवलें असेल त्याला तो परका वाटत नाहीं, आणि ज्या आजीआजोबांना तार दाबण्याइतकें बोटांत बळ उरलेलें नाहीं त्यांनाहि त्यावर सूर काढतां येतो. कळेखालचा स्वर ठरलेला असल्यामुळें मींड घेणें त्यावर अवघड जातें. परंतु घरच्या गाण्याचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं.

चौथें वाद्य एका बापाच्या मायेंतून जन्मास आलें. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांत हेर्मान फे नांवाचे शेतकरी होते. त्यांच्या मुलाला डाउन सिंड्रोम, म्हणजे बुद्धीच्या वाढीला मर्यादा घालणारा जन्मजात दोष, होता. नेहमींची स्वरलिपि वाचून वाजविणें अशा मुलाला फार कठीण. तरीहि आपल्या मुलानें वाजवावें अशी बापाची इच्छा. तेव्हां १९८७ सालीं त्यांनीं जुन्या झिथर वाद्यांतील एक युक्ति उचलून नवें वाद्य बनविलें. त्याला आज फे-हार्प म्हणतात. यांत तारांच्या खालीं, लांकडी तबलीवर, एक कागद सरकवावयाचा असतो. ज्या तारेची पाळी असेल तिच्या बरोबर खालीं कागदावर ठिपका असतो, आणि सारे ठिपके एका रेघेनें क्रमवार जोडलेले असतात. रेघेच्या मागोमाग बोट न्यावें, ठिपक्यावरची तार छेडावी, कीं गाणें उमटूं लागतें. ठिपका भरीव कीं पोकळ, यावरून स्वर किती वेळ टिकवावयाचा तें कळतें. हें वाद्य आज जर्मनींत दिव्यांग मुलांप्रमाणेंच वृद्ध माणसेंहि वाजवितात. बंधुभगिनींनो, ज्या मुलाला आपण कौतुकानें कां होईना, परंतु कायमचें श्रोत्यांत बसवून ठेवतों, तेंच मूल येथें वादक होतें. हें वाद्य घडविणारा माणूस पिढीजात वाद्यकार नव्हता, शेतकरी होता, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां मूळ मुद्याकडे येतों. या चारहि वाद्यांत कारागिरानें अवघड भाग स्वतःवर घेतला आणि वाजविणाऱ्याच्या बोटाखालीं तयार स्वर ठेवला. परंतु याचाच दुसरा अर्थ असा कीं, तो स्वर जर आधींच चुकलेला असेल, तर वाजविणाऱ्याला तो सुधारतां येत नाहीं. व्हायोलिनवादक बोट किंचित्‌ सरकवून सूर सांवरून घेतो. कांतेलेवर बोट ठेवणाऱ्या बालकाच्या हातीं तसा उपाय नसतो. त्यानें बरोबर तार छेडली, आणि कानीं आलें तें भलतेंच! आपलें चुकलें असें त्याला वाटतें. पुन्हां छेडतो, पुन्हां तेंच. चार दिवस असें झालें कीं तो वाद्य दूर सारतो, आणि आपण म्हणतों कीं त्याला आवड नाहीं. म्हणून वाद्य जितकें सोपें, तितकें तें लावून ठेवण्याचें कर्तव्य मोठें. आणि तें कर्तव्य मुलाचें नसून घरांतल्या मोठ्यांचें आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाहीं. आपला तंबोरा पहा. बहुधा चार तारा. त्या एकामागून एक छेडण्याचें काम मुलगा घटकाभरांत शिकतो. परंतु तंबोरा लावणें ही मात्र आयुष्यभराची विद्या मानली जाते. मिरजेचे कारागीर पंढरपूरकडील भोपळ्यांपासून तंबोरे घडवितात. त्यांच्या या कलेला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या तंबोऱ्यावर खुंटीनें मोठा फरक करतात, मण्यानें सूक्ष्म फरक करतात, आणि घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून जवारी साधतात. नव्या शिष्याला गुरु लावलेला तंबोरा हातीं देतो. त्या सुरांत रोज बसल्यानें शिष्याचा कान घडतो, आणि पुढें एके दिवशीं तो स्वतः लावूं लागतो. हीच रीत आपल्या घरांत आणावयाची आहे.

तारा उतरतात कां, हेंहि मेर्सेनच्या नियमांवरून कळतें. स्वर ताणावर अवलंबून असतो, आणि ताण बदलणाऱ्या गोष्टी आपल्या घरांत रोज घडतात. उष्णतेनें पोलादी तार लांबते व सैल पडते. पावसाळ्यांत लांकूड हवेंतील ओल शोषून फुगतें, आणि उन्हाळ्यांत पुन्हां आकसतें. नायलॉनची नवी तार पहिले कांहीं दिवस ताणली जातच राहते, म्हणून ती वारंवार चढवावी लागते. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेनें पोलादी तारेला गंज चढतो. तेव्हां वाद्य खिडकींत किंवा पावसाच्या बाजूच्या भिंतीवर टांगूं नये. जाड कापडाच्या पिशवींत ठेवावें. आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या.

लावण्याची रीतहि भिण्यासारखी नाहीं. आधीं एक षड्ज ठरवावा. घरांत हार्मोनियम असल्यास तिच्यावरून घ्यावा. मग दुसरी तार त्याच्याशीं मिळवावी. दोन तारा जवळजवळ एका स्वराला आल्या, परंतु पुरत्या जुळल्या नाहींत, तर नादांत लाटा उठल्यासारख्या भासतात. खुंटी अगदीं सावकाश फिरवावी. लाटा मंद होत जातात, आणि त्या थांबल्या कीं तारा जुळल्या. बुलबुलतरंगांत एका स्वराच्या जोडतारा असतात. त्यांवर हा अभ्यास उत्तम होतो. कांतेलेवर सा नंतर प मिळवावा, मग ग, आणि शेवटीं रे व म. तार चढवितांना तोंड तिच्यापासून दूर ठेवावें, आणि लहानांना जवळ येऊं देऊं नये. तुटलेली तार डोळ्याला इजा करते.

कोणी म्हणेल कीं, सूर बरोबर आहे कीं नाहीं हें आतां मोबाईल दाखवितो, मग कानाला कशास शिणवावें? मोबाईलची मदत अवश्य घ्यावी. ती चांगली सोय आहे. परंतु कांटा पाहून खुंटी पिळणारा माणूस तारेकडे पाहतो, ऐकत नाहीं. आधीं कानानें लावावें, मग कांट्यानें पडताळून पाहावें. असें केल्यानें यंत्र आपलें परीक्षक होतें आणि कान आपलाच राहतो.

शेवटीं एवढीच विनंति आहे. वाद्य विकत घेण्यापूर्वीं आपण मुलाला विचारतों, ‘तुला आवडेल काय रे?’ तो प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याआधीं आईनें, बापानें, आजोबांनीं किंवा थोरल्या ताईनें स्वतःला विचारावें, ‘हें वाद्य रोज लावून द्यावयास मी तयार आहें काय?’ एकानें जरी होय म्हटलें, तरी त्या घरानें अवश्य वाद्य घ्यावें. मग तें पांच तारांचें असो, चार तारांचें असो, कीं कागदावरच्या ठिपक्यांचें असो. पहिल्या वर्षीं मोठ्यांनीं लावावें आणि मुलानें वाजवावें. दुसऱ्या वर्षीं तार चढली आहे कीं उतरली आहे, हें मुलानें ऐकून सांगावें. तिसऱ्या वर्षीं खुंटी त्याच्या हातीं द्यावी. आणि ज्या दिवशीं म्हातारपणानें आपलेच हात कांपूं लागतील, त्या दिवशीं आपल्याला बसवून, आपलें वाद्य लावून देणारा कोणी घरांत तयार असेल.